सहलीला आई-बाबांना, सासू-सासऱ्यांना न्यायचं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहलीचं ठरायला लागलं की हा प्रश्न घरोघरी येतो, आणि बहुतेकदा दबक्या आवाजात येतो. नेलं तर सगळ्यांची ओढाताण, नाही नेलं तर मनाला टोचणी. गेल्या दहा-बारा वर्षांत आम्ही कधी माझ्या आईला, कधी सासू-सासऱ्यांना घेऊन फिरलो, आणि काही वेळा ठरवून त्यांच्याशिवाय गेलो. त्या काळात चुका झाल्या, शिकायलाही मिळालं. मैत्रिणी आणि नात्यातली मंडळी मला पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

न्यायचं की नाही, हे ठरवायचं कसं?

प्रत्येक सहलीचा वेगळा विचार करा. "आम्ही नेहमी नेतो" किंवा "आम्ही कधीच नेत नाही" असा घराचा नियम केला की तो कोणाला ना कोणाला जाचतोच. आधी स्वतःला विचारा की ही सहल कशासाठी आहे. दोघांना बऱ्याच दिवसांनी एकमेकांसोबत निवांत राहायचं असेल, डोंगर चढायचे असतील किंवा रोज नवीन गावी मुक्काम असेल, तर ती सहल तुमचीच राहू द्या. मुलांनी आजी-आजोबांबरोबर चार दिवस काढावेत अशी इच्छा असेल, तर मात्र ठिकाणापासून वेळेपर्यंत सगळं त्यांना सोयीचं हवं. एकाच सहलीत दोन्ही बसवायला गेलं की दोन्ही बिघडतात. मधेच कुठेतरी "तुम्ही इथे बसा, आम्ही पटकन जाऊन येतो" हे वाक्य येतं, आणि ते दिवसातून चार वेळा आलं तर सोबत नेण्यात काही अर्थ राहत नाही.

"तुम्ही जा, मी राहते घरी," असं त्या म्हणतात. ते खरं मानायचं का?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे, म्हणून याला थोडा वेळ देते.

एका वर्षी आई म्हणाली, "तुम्ही जा गं सगळे, मला आता कुठे झेपतंय." आम्हाला वाटलं संकोचाने म्हणतेय. खूप आग्रह केला आणि नेलंच. तिसऱ्या दिवशी एका उंच वास्तूच्या पायथ्याशी ती पहिल्या पायरीवर बसून राहिली. मांडीवर पर्स घट्ट धरलेली, नजर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडे. आम्ही दोन तासांनी खाली आलो तेव्हाही ती तशीच बसलेली होती. तिने खरं तेच सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नव्हतं.

पुढच्या वर्षी तिने तेच शब्द पुन्हा उच्चारले. आम्ही शहाणे झालो होतो, त्यामुळे लगेच मान्य केलं. परत आल्यावर भावाकडून कळलं की तिने चालायचे बूट धुऊन गॅलरीत वाळत घातले होते. शब्द तेच होते, पण त्या वेळी तिला यायचं होतं.

तेव्हापासून "येणार का?" असं मी विचारतच नाही. त्या प्रश्नाला त्यांच्याकडे एकच सभ्य उत्तर असतं. मी बारीकसारीक गोष्टी विचारते. सकाळी किती वाजता आवरून होतं? सलग किती वेळ गाडीत बसवतं? रात्री किती वेळा उठावं लागतं? किती पायऱ्यांनंतर गुडघा बोलायला लागतो? यांची उत्तरं खरी येतात, कारण त्यात कोणाचं मन राखायचं नसतं. ती ऐकता ऐकता यायची इच्छा आहे की नाही हेही कळतं. इच्छा असेल तर माणूस स्वतःच म्हणतो, "मधे थोडं थांबलात तर जमेल मला."

अजून दोन गोष्टी. हे बोलणं सगळ्यांसमोर नको आणि फोनवरही नको. शेजारी बसून विचारा आणि उत्तराला दोन दिवस द्या. आणि नकारामागे बहुधा एखादी लाज असते, ती ओळखा. लघवी न थांबणं, घोरणं, कवळी, पैसे, "माझ्यामुळे तुमचा खोळंबा होईल." कारण उघड बोललं गेलं की त्यावर काहीतरी उपाय निघतो. आणि कारण कळल्यावरही उत्तर नकाराचंच असेल, तर त्याचा मान ठेवा. सारखं "चला ना, चला ना" करणं हीसुद्धा जबरदस्तीच.

त्यांना न नेता गेलो तर अपराधी वाटतं. काय करू?

वाटू दे. ती भावना वाईट नाही, तिच्यामागे माया आहे. पण तिच्या भरात दोन गोष्टी टाळा. एक म्हणजे सहल लपवणं. फोटो कुठून ना कुठून दिसतातच, आणि न नेल्यापेक्षा लपवल्याचं दुःख कितीतरी मोठं असतं. जायच्या बऱ्याच आधी सरळ सांगा, "या वेळी आम्ही दोघंच जातोय, आणि अमुक महिन्यात आपण चौघं मिळून कुठे जायचं ते तुम्ही ठरवा." दुसरी म्हणजे न परवडणारं वचन देणं. "पुढच्या वर्षी नक्की" म्हणालात तर ती तारीख त्यांच्या मनात कोरली जाते.

आणि सोबत जायला आठवडाभराचीच सहल हवी असं नाही. सकाळी निघून संध्याकाळी परत, स्वतःच्या अंथरुणात झोप, एवढ्यावर अनेक वयस्कर माणसं मनापासून खूश असतात.

त्याच्या आई-वडिलांना दरवर्षी नेतो, माझ्या आई-वडिलांना कधीच नाही. हे कसं बोलू?

आकडा समोर ठेवून बोला. "तुला माझ्या माणसांचं काहीच नाही," असं म्हटलं की भांडण होतं. "गेल्या पाच सहलींपैकी चार तुझ्या आई-बाबांबरोबर झाल्या, आता माझ्यांबरोबर एक हवी," असं म्हटलं की चर्चा होते. बरोबरी काटेकोर नसेलही, कारण एका बाजूची तब्येत चांगली असते आणि दुसऱ्या बाजूची नसते. पण ज्यांना लांब नेता येत नाही त्यांच्या वाट्याला निदान त्यांच्याजवळ राहून घालवलेले सुट्टीचे दिवस यायला हवेत.

या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो म्हणजे सहलीत कष्ट कोण करतं. सासूबाईंच्या गोळ्या, सासऱ्यांचे कपडे, सगळ्यांच्या वेळा हे सारं सुनेवर पडत असेल, तर ती सहल तिची नाहीच. तिथे तिची घरचीच कामं परक्या जागी सुरू राहतात. आमच्याकडे ठरलं आहे की ज्याचे आई-वडील, त्याने त्यांचं पाहायचं. औषधं, डॉक्टरांशी बोलणं, बाथरूमपर्यंत हात धरणं, आणि "बाबा, आज आपण लवकर परतूया" हे सांगणंही त्यानेच. जावयालाही हाच नियम लागू. यामुळे माझी चिडचिड कितीतरी कमी झाली, आणि नवऱ्याला त्याच्या वडिलांची चाल किती मंदावली आहे हे पहिल्यांदा नीट दिसलं.

दोन्हीकडच्यांना एकत्र नेलं तर?

त्यांची आपसात मनापासून मैत्री असेल तरच. व्याही म्हणून सौजन्याने वागणारी माणसं सहा दिवस सलग सौजन्याने वागून थकतात. आधी एक दिवसाची सहल करून पाहा.

ठिकाण निवडताना काय बघायचं?

मुक्काम एकच ठेवा. रोज सामान बांधणं-सोडणं याने जेवढा थकवा येतो तेवढा फिरण्यानेही येत नाही. एका जागी चार रात्री राहा आणि तिथून फिरा. कोणी दमलं तर खोलीवर थांबू शकतं, सहल अडत नाही.

चालण्याचा हिशोब वेगळा करा. पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ अनेक ठिकाणी सेकंदाला सुमारे १.२ मीटर ही चाल धरून ठरवतात, आणि सत्तरी ओलांडलेली बरीच माणसं याहून हळू चालतात. फोनवरच्या नकाशातली चालायची वेळही तरुण पायांची असते. नकाशा दहा मिनिटं म्हणाला तर मी वीस धरते, आणि वाटेत बसायला जागा आहे का ते छायाचित्रांत शोधते. बसायला जागा नसणं हे चढापेक्षाही वाईट. आईसाठी आम्ही पिशवीत मावणारं घडीचं स्टूल घेतलं. आमच्या सहलींमधली सगळ्यात उपयोगी खरेदी तीच. रांगेत, फलाटावर, एखाद्या चित्रासमोर ती आता निवांत बसते आणि आम्हालाही घाई होत नाही.

दिवसाला एकच मोठी गोष्ट ठरवा, शक्यतो सकाळी. दुपार विश्रांतीची. आणि मुक्कामापासून अर्ध्या-पाऊण तासात रात्रीही उघडं असणारं रुग्णालय आहे ना, हे निघण्याआधी पाहून ठेवा.

उंचावरच्या थंड ठिकाणी नेणं सुरक्षित आहे का?

साधारण २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो: डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, दम. यात वय हे मुख्य कारण नसतं. तरुणालाही होतो, आणि ठणठणीत सत्तरीच्या माणसाला होणारही नाही. महत्त्वाचं आहे ते हृदय आणि फुप्फुस. हृदयविकार, दमा, फुप्फुसाचा जुना आजार किंवा तीव्र रक्तक्षय असेल तर डॉक्टरांना ठिकाणाचं नाव सांगू नका, उंचीचा आकडा सांगा. "थंड हवेच्या ठिकाणी जातोय" एवढ्यावरून त्यांना काही कळत नाही.

३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, असं डॉक्टर सांगतात. घाईच्या सहलीत हे बसत नाही, म्हणून अशा ठिकाणी मी वयस्करांना नेत नाही. बसल्या जागी धाप लागली, बोलण्यात गोंधळ झाला किंवा तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं.

विमानप्रवास झेपेल का?

बहुतेकांना झेपतो. विमानातल्या हवेचा दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तसा ठेवलेला असतो, त्यामुळे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण थोडं खाली येतं. निरोगी माणसाला ते जाणवत नाही, पण फुप्फुस किंवा हृदय दुबळं असेल तर आधी तपासून घ्यावं. पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलेला असेल, तर तो पूर्ण विरघळेपर्यंत विमानात बसायचं नाही आणि उंच जागीही जायचं नाही. दाब कमी झाला की तो वायू फुगतो आणि दृष्टी जाऊ शकते. मोतीबिंदूची साधी शस्त्रक्रिया वेगळी आणि ही वेगळी, हा फरक घरच्यांना अनेकदा माहीत नसतो.

बराच वेळ एकाच जागी बसल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासात चार तासांहून लांबच्या प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो असं दिसलं, आणि ते बस, रेल्वे, मोटार यांनाही लागू आहे. निरोगी प्रवाशांत हे प्रमाण सुमारे ६००० त एक, म्हणजे घाबरून जाण्याइतकं नाही. पण वय, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कर्करोग, लठ्ठपणा यांनी ते वाढतं. मधल्या वाटेलगतची जागा घ्या, तासा-दीड तासाने उठवा, बसल्या बसल्या घोटे फिरवायला लावा. पायांना घट्ट बसणारे दाबमोजे घालायचे की नाही हे डॉक्टरांना विचारून, कारण पायाच्या धमन्या खराब असतील तर ते अपाय करतात.

व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागा. विमान कंपन्या साधारणपणे ४८ तास आधी कळवायला सांगतात. "मी चालू शकतो, खुर्ची कशाला?" असं वडीलधारे म्हणतातच. ते खोलीत आणि बागेत चालू शकतात हे खरं आहे, पण विमानतळावर दीड-दोन किलोमीटर चालावं लागतं आणि रांगांमध्ये उभं राहावं लागतं. हे त्यांना आकड्यात सांगितलं की पटतं.

मोटारीने जाताना काय सांभाळायचं?

पाणी.

माझ्या सासऱ्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे. एका लांबच्या प्रवासात ते गप्प होते, हसत होते, काही मागत नव्हते. मुक्कामी उतरले आणि दारातच त्यांना भोवळ आली. नंतर कळलं की सारखी गाडी थांबवायला लागू नये म्हणून त्यांनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. वयानुसार तहान तशीही कमी लागते, त्यात रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी, त्यात उन्हाळा. त्या दिवशी डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की एवढ्यावर निभावलं हे नशीब.

आता आम्ही दर दीड तासाने थांबतो. "बाबा, जायचंय का?" असं कोणी विचारत नाही, कारण त्याला ते नाहीच म्हणतात. गाडी थांबते, सगळेच उतरतात, मुलंसुद्धा बाथरूमला जाऊन येतात. त्यांच्या एकट्यासाठी थांबलो असं होत नाही. बाटली त्यांच्या हातात असते, आणि प्रत्येक थांब्यावर ती कितीशी उतरली ते नवरा बघतो. ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून सांगितलेलं आहे, त्यांचं माप मात्र डॉक्टरांकडूनच घ्या.

औषधांची तयारी कशी करावी?

लागतील त्याहून निदान आठवडाभराची जास्त घ्या आणि दोन पिशव्यांत विभागा, एक त्यांच्याजवळ, एक तुमच्याजवळ. विमानात सामानाच्या पेटीत औषध ठेवू नका. पेटी हरवू शकते, आणि तिथल्या थंडीत इन्सुलिन गोठू शकतं. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी वापरायचं नाही. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवतात. वापरात असलेलं बहुतेक प्रकारचं इन्सुलिन साध्या खोलीच्या तापमानात सुमारे २८ दिवस टिकतं, पण उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ते काही तासांत वाया जातं.

चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कंपनीने दिलेलं नको. दुसऱ्या देशात तीच गोळी वेगळ्या नावाने मिळते. देश बदलून घड्याळ बरंच पुढे-मागे होणार असेल, तर इन्सुलिन, रक्त पातळ करणारी आणि फिट्सची औषधं कोणत्या वेळी घ्यायची हे डॉक्टरांकडून कागदावर घ्या. पेसमेकर किंवा कृत्रिम सांधा असेल तर त्याचं कार्ड खिशात असू द्या, सुरक्षा तपासणीला लागतं. फ्लूची लस देणार असाल तर निदान दोन आठवडे आधी, कारण तिचा परिणाम व्हायला तेवढे दिवस जातात.

खोली घेताना काय पाहायचं?

रात्री दोन वाजता चष्म्याशिवाय उठलेला माणूस अनोळखी अंधारात बाथरूमपर्यंत कसा जाईल, ते डोळ्यासमोर आणा. जगभरात अपघाती मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांनंतर पडण्याचा क्रमांक लागतो, आणि त्यात सर्वांत जास्त साठीच्या पुढचे असतात. सहलीत तर खोली नवी, पलंगाची उंची नवी, दिव्याचं बटण कुठे आहे ते माहीत नाही.

म्हणून खोली तळमजल्यावर किंवा लिफ्टजवळ घ्या, बाथरूम खोलीला लागून हवं, कमोड आणि त्याशेजारी धरायला दांडी हवी, आणि न्हाणीघरात शिरताना उंबरठा नको. फोन करून विचारा, आणि बाथरूमचा फोटो मागवा. "सगळ्या सोयी आहेत" या उत्तरावर विसंबू नका. आम्ही बटणाचा छोटा रात्रीचा दिवा आणि रबरी मॅट बरोबर नेतो. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे पलंग ते बाथरूम ही वाट मोकळी करायची आणि उजेडात त्यांना एकदा चालायला लावायची.

परवडत असेल तर त्यांची खोली वेगळी आणि शेजारची घ्या. त्यांनाही रात्री नऊला दिवा मालवायचा असतो, पहाटे पाचला खोकायचं असतं, कोणी जागं होईल याची धास्ती न बाळगता.

त्यांना कमी ऐकू येतं. गटात ते एकटे पडतात.

गाडीत पुढे बसवा. टेबलावर भिंतीकडे पाठ करून बसवा, म्हणजे मागचा गोंगाट कमी होतो आणि सगळ्यांचे चेहरे दिसतात. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या जास्त घ्या. आणि "काही नाही, सोडा" असं कधी म्हणू नका. पुन्हा सांगा.

विस्मरणाचा आजार आहे. न्यावं का?

सुरुवातीच्या टप्प्यात, ओळखीच्या जागी, थोड्या दिवसांसाठी नेता येतं, आणि ते दिवस फार मोलाचे असतात. पुढच्या टप्प्यात मात्र जागा बदलली की गोंधळ वाढतो. संध्याकाळ झाली की अस्वस्थपणा येतो, "मला घरी जायचं" सुरू होतं, दार उघडून बाहेर पडण्याची भीती असते. आपल्याला वाटतं त्यांना बदल हवा. पण त्यांच्यासाठी रोजची खुर्ची आणि रोजची खिडकी हाच आधार असतो.

आधी एक रात्र कुठेतरी जवळ राहून पाहा. नेणार असाल तर एक मोठं माणूस फक्त त्यांच्यासोबत, पाळीपाळीने. खिशात नाव आणि तुमचा फोन नंबर, फोनमध्ये त्या दिवशीच्या कपड्यांतला त्यांचा फोटो. गर्दीत एक क्षण हात सुटला तर शोधणाऱ्यांना हाच फोटो दाखवायचा.

प्रवास विमा घ्यायचा का?

परदेशी जात असाल तर हो, त्याशिवाय नेऊच नका. आधीपासूनचे सगळे आजार अर्जात लिहा. हप्ता वाढेल म्हणून रक्तदाब लपवला तर नेमक्या वेळी दावा नाकारला जातो. वयाची मर्यादा, आधीच्या आजाराला संरक्षण आहे का, आणि रुग्णाला घरी परत आणण्याचा खर्च धरला आहे का, या तीन गोष्टी पॉलिसीत स्वतः वाचा.

खर्च कोणी करायचा?

निघण्याआधी ठरवा. काही आई-वडिलांना मुलांनी खर्च केलेला आवडतो, काहींना तो बोचतो. ज्यांना बोचतो त्यांना एखादी गोष्ट मनापासून करू द्या: एका दिवसाची गाडी, नातवंडांची तिकिटं. पाकीट काढणारा त्यांचा हात प्रत्येक वेळी मागे सारू नका. भावंडं असतील तर एकाने सोबत न्यायचं आणि बाकीच्यांनी खर्चात वाटा उचलायचा, असंही करता येतं.

मुलं सांभाळायला आजी-आजोबा बरोबर असले तर आम्हालाही मोकळीक मिळते. यात गैर काय?

गैर काही नाही, पण तसं आधी विचारा. "सुट्टीवर चला" म्हणून नेलं आणि रोज संध्याकाळी दोन लहान मुलं त्यांच्यावर सोपवली, तर त्यांची सुट्टी झालीच नाही. किती संध्याकाळी, किती तास, हे ठरवून घ्या. आणि धावत्या वयाचं मूल पाण्याजवळ किंवा रस्त्याजवळ त्यांच्या एकट्याच्या भरवशावर सोडू नका. मूल पळालं तर त्यांना पळता येत नाही, आणि ते मात्र पळायचा प्रयत्न करतात.

सोबत असताना आम्हा दोघांना वेळच मिळत नाही.

तो पहिल्याच दिवशी जाहीर करून ठेवा: दुपारी तीन ते सहा प्रत्येकजण आपापला. एकमेकांपासून थोडं दूर राहणं त्यांनाही हवं असतं. सासूबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, "तुम्ही बाहेर गेलात की मी जरा पाय पसरून बसते."

ते घरी राहणार असतील तर मागे काय व्यवस्था करावी?

दिवसातून एकदा कोणीतरी प्रत्यक्ष येऊन पाहील अशी. फोन पुरेसा नाही, फोनवर सगळे "मी मजेत" असंच सांगतात. आठवड्याच्या गोळ्या कप्प्यांच्या डबीत भरून ठेवा, किल्ली शेजारी द्या, डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा. आणि रोज एक ठरावीक वेळ ठेवून फोन करा. ती वेळ चुकवू नका, कारण ते त्याआधी अर्धा तास फोनजवळ येऊन बसलेले असतात.

किती वय झालं की नेणं थांबवावं?

वयाचा आकडा सांगता येत नाही. मी तीन गोष्टी बघते: रात्री स्वतः उठून बाथरूमला जाता येतं का, गेल्या सहा महिन्यांत पडले किंवा रुग्णालयात दाखल झाले का, आणि सहलीचा विषय निघाला की चेहरा उजळतो की आक्रसतो. पहिल्या दोन बाबतींत मदत देता येते. चेहरा आक्रसत असेल तर मी थांबते.

परत आल्यावर काय करावं?

दोन दिवस मुळीच काही ठेवू नका. थकवा बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी येतो. लांबच्या प्रवासानंतर एका पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर ते प्रवासाचं अंगदुखणं समजू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

फोटो फोनवर पाठवून थांबू नका. दहा-पंधरा चांगले निवडा आणि मोठे छापून द्या. आणि निवांत वेळ बघून विचारा की काय आवडलं, काय जड गेलं. गेल्या वेळी मी आईला विचारलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "पुढच्या वर्षी येईन, पण तिसऱ्या दिवशी मी खोलीवरच थांबणार, आत्ताच सांगून ठेवते. आणि ते स्टूल विसरू नकोस."